पात्र कोण, पहिला कोण?

वऱ्हाडच्या माणसाला घाई नसते, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात. आमच्याकडे 'येतो' म्हणजे तासाभराने आणि 'हा आलोच' म्हणजे चहा झाल्यावर, हे त्यांचे निरीक्षण अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु वऱ्हाडाला घड्याळ ठाऊकच नाही, असे मात्र कोणी समजू नये. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका पट्ट्याचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता अखंड काम करून १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. तो रस्ता बाजूला ठेवला तरी आमचा शंकरपट आहेच. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट पाहिलेल्या माणसाला सेकंद म्हणजे काय ते कोणी शिकवावे लागत नाही. हलकी छकडी, पुढे बैलांची जोडी, वर जीव मुठीत घेऊन बसलेला धुरकरी. 'सुटली' म्हणेपर्यंत जोडी पल्ल्याच्या टोकाला पोचलेली असते. मग सारे डोळे वळतात ते घड्याळाकडे. सेकंद किती आणि सेकंदाचे शंभरावे भाग किती, यावर पैज, बक्षीस आणि गावाची अब्रू अवलंबून असते. तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले होते, "मास्तर, जोडी कशी पयाली थे मानसाले नोका इचारू, घड्यायले इचारा."

अशा मुलखात मोटारींच्या शर्यतींचे वेड आले तर त्यात नवल नाही. घरोघरीची तरुण मुले शनिवार-रविवारी पडद्यासमोर ठाण मांडतात आणि पोल, ग्रिड, क्यू-वन, क्यू-टू असे शब्द भजी तळल्यासारखे एकामागून एक काढीत राहतात. घरातली वडील मंडळी काही वेळ पाहतात, मग वर्तमानपत्र उघडतात. आमच्या घरी माझ्या आईने मात्र वर्तमानपत्र उघडले नाही. तिने प्रश्न विचारला.

"काहून रे, हा कालच पयला आला ना? मग आज परत कशाला पळवतात?"

"आजी, काल क्वालिफायिंग होतं," माझा भाचा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पात्रता फेरी."

"बरं. मग अपात्र कोण झाला?"

भाचा क्षणभर थांबला. "कोणीच नाही," तो म्हणाला.

वाचकहो, या तीन ओळींच्या संवादात सारा विषय आला आहे. ज्या पात्रता फेरीत कोणी अपात्र होत नाही, तिला पात्रता फेरी का म्हणावे? मराठीचा अध्यापक असल्यामुळे असा प्रश्न कानावर आला की माझी झोप उडते. मी त्याच्या मागे लागलो, आणि लक्षात आले की घोटाळा मोटारींचा नसून शब्दाचा आहे. हा घोटाळा तेवढ्यावरच थांबत नाही. तो आपल्या मुलांच्या निकालपत्रापर्यंत येऊन पोचतो.

एका शब्दाच्या पोटात तीन प्रश्न

इंग्रजीतल्या 'क्वालिफाय' या क्रियापदाच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला प्रश्न, आत कोणाला घ्यायचे? ही खरी पात्रता. दुसरा प्रश्न, आत घेतलेल्यांना कोणत्या क्रमाने उभे करायचे? हा क्रम. तिसरा, गर्दी फार असेल तर टप्प्याटप्प्याने कोणाला गाळायचे? ही चाळणी. लोकसेवा आयोगाच्या कृपेने 'चाळणी परीक्षा' हा शब्द आपल्याला चांगलाच परिचयाचा आहे. मोटारींच्या शर्यतीत शनिवारी जे चालते ते मुख्यतः क्रम ठरवण्याचे काम. मराठी वार्ताहराने घाईघाईत त्याला 'पात्रता' म्हटले, आणि आजीबाईंनी त्याला नेमके तिथेच पकडले.

क्रम ठरवण्याची गरज का पडते, ते आधी पाहू. शंकरपटात किंवा पुणे जिल्ह्यातल्या खेड-मंचरकडच्या घाटात हा प्रश्न उद्भवतच नाही. तिकडे गाडा एकटा घाटात सुटतो, त्याची वेळ मोजली जाते, आणि दिवसभरात ज्याची वेळ सर्वांत कमी तो 'घाटाचा राजा'. तिथे घड्याळ हीच शर्यत. मोटारींच्या शर्यतीत मात्र वीस-बावीस गाड्या एकदम सुटतात. त्या एका ओळीत मावत नाहीत, म्हणून त्यांना पुढे-मागे उभे करावे लागते. आता पुढे कोणी उभे राहावे?

पूर्वी हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या शर्यतीत कोणती जोडी कोणत्या चाकोरीतून पळणार हे जसे चिठ्ठीने ठरते, तसेच. नशिबाने पुढची जागा मिळाली तर मंद गाडीही पुढे, आणि वेगवान गाडी तिच्यामागे धूळ खात. १९३३ साली मोनॅको या चिमुकल्या राज्यातल्या शर्यतीत प्रथमच असे ठरले, की सरावात ज्याची वेळ उत्तम त्याने पुढे उभे राहावे. त्या दिवशी इटलीचा आकिले वार्झी पहिल्या जागेवरून सुटला आणि जिंकलाही. जिथे नशीब होते तिथे घड्याळ आले. पुढे १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, तेव्हाही क्रम वेळेनेच लागला होता.

शनिवारच्या शब्दांचा कोश

पहिल्या जागेला 'पोल पोझिशन' म्हणतात. हा शब्द मोटारवाल्यांनी घोड्यांकडून घेतला. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात आतल्या कडेला अंतर दाखवणारे खांब असत. खांबाशेजारची आतली वाट सर्वांत जवळची. ती ज्याला मिळाली तो भाग्यवान. मोटारींच्या मैदानात तो खांब राहिला नाही, शब्द मात्र राहिला. भाषेत असे नेहमीच घडते. पैलवान हरला की आपण अजून 'चीत झाला' म्हणतो, मग तो हरण्याचा प्रकार निवडणुकीतला असला तरी!

ज्या मांडणीत गाड्या उभ्या राहतात तिला 'ग्रिड' म्हणतात. विस्तवावर मांस भाजण्याच्या लोखंडी जाळीला इंग्रजीत 'ग्रिडायर्न' म्हणत, त्यातून हा शब्द आला. फॉर्म्युला वनच्या मैदानावर या जाळीतल्या दोन लगतच्या जागांत आठ मीटरचे अंतर असते. एक जागा डावीकडे, तिच्यामागची उजवीकडे. वरवर पाहता आठ मीटर म्हणजे काहीच नाही. परंतु मोनॅकोसारख्या गल्लीबोळांच्या मार्गावर पुढच्याला ओलांडणे इतके कठीण, की तिथे शनिवारचा क्रम बहुतेक वेळा रविवारच्या निकालाचाच मसुदा ठरतो. शिवाय पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीची रस्त्यावरची पकड सैल होते, म्हणून वळणावर मागे राहणे अधिकच महाग पडते. उलट सरळ रस्त्यावर पुढच्याच्या मागे चिकटून राहिले तर वारा कमी लागतो आणि वेग वाढतो. आपले सायकलस्वार वाऱ्याच्या दिवशी ट्रकच्या मागे लागतात, ते शास्त्र हेच. कृपा करून कोणी त्याचा सराव करू नये.

आता गाडी मैदानात निघाली असे समजू. पहिला फेरा 'आउट लॅप'. या फेऱ्यात टायर तापवायचे, कारण थंड टायर रस्ता धरीत नाही. दुसरा 'फ्लाइंग लॅप', म्हणजे भरधाव येऊन रेषा ओलांडल्यापासून मोजला जाणारा फेरा. खरी परीक्षा हाच. तिसरा 'इन लॅप', म्हणजे परत येण्याचा. प्रत्येक फेऱ्याचे तीन भाग पाडलेले असतात, त्यांना 'सेक्टर' म्हणतात. पडद्यावर जांभळा रंग दिसला तर त्या भागात त्या वेळेपर्यंत सर्वांपेक्षा उत्तम वेळ. हिरवा दिसला तर त्या चालकाची स्वतःची उत्तम वेळ. पिवळा दिसला तर त्याला स्वतःचीही बरोबरी साधली नाही. या रंगांतला हिरवा मला फार आवडतो. जगात पहिला नाही, पण कालच्या स्वतःपेक्षा आज बरा, एवढेच तो सांगतो. आपल्या प्रगतिपुस्तकात असा एखादा हिरवा रकाना असता तर किती घरांतली संध्याकाळची जेवणे शांतपणे झाली असती!

शनिवारची रचना २००६ पासून तीन चाळण्यांची आहे. २०२५ च्या हंगामात वीस गाड्या होत्या. क्यू-वन अठरा मिनिटांचा. त्यात शेवटचे पाच गळत आणि त्यांना सोळा ते वीस या जागा मिळत. क्यू-टू पंधरा मिनिटांचा. त्यात आणखी पाच गळत. उरलेल्या दहांत बारा मिनिटांचा क्यू-थ्री होई आणि पहिल्या दहा जागा ठरत. २०२६ पासून अकरावा संघ आल्यामुळे गाड्या बावीस झाल्या आणि पहिल्या दोन चाळण्यांत सहा-सहा गळू लागल्या. यातली मेख अशी, की प्रत्येक टप्प्यात आधीच्या वेळा पुसल्या जातात. क्यू-वनमध्ये तुम्ही सर्वांना दिपवले असेल, तरी क्यू-थ्रीमध्ये पाटी कोरीच असते. आपल्याकडे बारावीचे गुण खिशात घेऊन प्रवेश परीक्षेला गेलेल्या मुलाला हा अनुभव नवा नाही.

याआधी २००३ ते २००५ या काळात प्रत्येक गाडी एकटी सुटे आणि तिचा एकच फेरा मोजला जाई. म्हणजे तेव्हा फॉर्म्युला वनवाल्यांनी जवळजवळ आपला शंकरपटच भरवला होता! आता सगळ्या गाड्या एकदम रस्त्यावर असतात, त्यामुळे कोणाच्या वाटेत कोण आले यावर भांडणे होतात. पटातली जोडी मात्र निर्वेध पळते. तक्रार करायची तर ती बैलांकडेच करावी लागते.

आणखी एक शब्द फ्रेंचमधून आला आहे, 'पार्क फर्मे', म्हणजे कुंपण घातलेले आवार. शनिवारची चाचणी सुरू झाली की गाडीची बांधणी बदलता येत नाही; किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या चालतात. परवानगीवाचून मोठा बदल केलाच, तर मांडणीतली जागा सोडून पिट लेनमधून, म्हणजे दुरुस्तीच्या गल्लीतून, सर्वांच्या मागून निघावे लागते. उत्तरपत्रिका दिल्यावर पुरवणी जोडता येत नाही, तसे हे.

जिथे पात्रता खरीच पात्रता असते

मग मोटारींच्या शर्यतीत खरी पात्रता कुठेच नाही की काय? आहे, आणि तिची कथा आपल्या देशाला चटका लावून गेलेली आहे. फॉर्म्युला वनमध्ये एक १०७ टक्क्यांचा नियम आहे. १९९६ साली तो आला, २००२ नंतर गेला आणि २०११ मध्ये परतला. क्यू-वनमधली सर्वोत्तम वेळ घ्यायची, तिचे १०७ टक्के काढायचे. ज्याची वेळ त्याहून जास्त, त्याला रविवारी जागा नाही. सर्वोत्तम वेळ नव्वद सेकंद असेल तर मर्यादा ९६.३ सेकंद. फार मंद गाडी भरधाव गाड्यांत धोक्याची, म्हणून हा उंबरठा. सरावात पुरेशी चांगली वेळ दिलेल्या गाडीला पंच सवलत देऊ शकतात, पण ती त्यांची मर्जी.

भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये या शर्यतींत उतरला होता. २०११ मध्ये तो एका दुबळ्या, नवख्या संघाकडून परतला आणि हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, या उंबरठ्यावर अडला. त्याच्या संघाच्या दोन्ही गाड्या मर्यादेबाहेर राहिल्या. पुढच्याच शर्यतीत, मलेशियात, त्या मर्यादेच्या आत आल्या. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळच्या ग्रेटर नोइडा येथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा कार्तिकेयन सुटला आणि सतरावा येऊन त्याने शर्यत पुरी केली. मेलबर्नला तो अपात्र ठरला आणि नोइडात सतरावा आला, ही दोन वाक्ये एकाच माणसाची आहेत. पण त्यांचे अर्थ किती दूरचे! पहिल्यात 'आत की बाहेर' हा प्रश्न आहे, दुसऱ्यात 'कितवा' हा.

१९८९ च्या सुमारास तर उमेदवार इतके वाढले होते, की चाचणीच्या आधी चाचणी घ्यावी लागे. तिचे नाव 'प्री-क्वालिफायिंग'. त्या वर्षी ३९ गाड्या होत्या. शुक्रवारी सकाळी तेरा जणांत झुंज व्हायची, त्यांतले चार पुढे जायचे, मग तीस जणांतून सव्वीस रविवारी सुटायचे. १९९० मध्ये लाइफ नावाच्या इटालियन संघाने हंगामात चौदा वेळा प्रयत्न केला आणि एकदाही ती सकाळ ओलांडली नाही.

अमेरिकेत इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत आहे. तिथे जागा तेहतीसच, आणि सलग चार फेऱ्यांच्या सरासरी वेगावर त्या मिळवाव्या लागतात. मागाहून आलेल्याने अधिक वेग दाखवला तर काठावरचा बाहेर ढकलला जातो. याला तिकडे 'बंप' म्हणतात. २०१९ मध्ये फर्नांडो अलोन्सो, ज्याने २००५ आणि २००६ साली फॉर्म्युला वनचे जागतिक अजिंक्यपद जिंकले होते, तो या तेहतिसांत बसला नाही. पूर्वीचे पद उंबरठ्यावर कोणी विचारीत नाही.

बरोबरी झाली तर?

२५ ऑक्टोबर १९९७ रोजी स्पेनमधल्या हेरेझच्या मैदानावर एक अद्भुत गोष्ट घडली. हंगामाची शेवटची शर्यत, अजिंक्यपदाचा फैसला व्हायचा होता. जॅक व्हिलन्यूव्हने १ मिनिट २१.०७२ सेकंदांची वेळ दिली. मग मायकेल शूमाखर आला. त्याचीही वेळ १ मिनिट २१.०७२. मग हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झन आला, आणि त्याचीही नेमकी तीच! सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ थकले. तेव्हा नियम पुढे आला: ज्याने ती वेळ आधी दिली तो पुढे. म्हणून व्हिलन्यूव्ह पहिला, शूमाखर दुसरा, फ्रेंट्झन तिसरा. तिघांच्या वेगात काडीचा फरक नव्हता. फरक पाडला तो नियमाने.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या निकालाकडे पाहणाऱ्या पालकांना हे ओळखीचे वाटेल. तिथे गुण सारखे झाले की आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. २०२४ च्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण निघाले होते. निकाल सुधारल्यावर ते १७ राहिले. हेरेझला तिघांची बरोबरी झाली तर जग आश्चर्यचकित झाले होते.

घड्याळ आणि नियम यांच्या या संसाराचा फटका आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्रालाही बसला. अमरावतीकरांना धावपळीच्या खेळांचे वेगळे प्रास्ताविक नको. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हे गाव त्यावर पोसले आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, ३० जुलै २०२१ रोजी, प्राथमिक शर्यती तीन गटांत झाल्या. नियम असा होता, की प्रत्येक गटातले पहिले तिघे थेट अंतिम शर्यतीत आणि उरलेल्यांतले वेळेने उत्तम असे सहा. साबळेने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, पण त्याच्या वेगवान गटात तो सातवा आला. तिसऱ्या गटातल्या पहिल्या तिघांपेक्षा त्याची वेळ चांगली होती. ते आत गेले आणि तो बाहेर राहिला.

हा अन्याय म्हणावा काय? नियम आधीच सांगितलेला होता, म्हणून अन्याय नव्हे. पण मैदानी खेळांच्या निकालपत्रावर नावापुढे कधी मोठा क्यू असतो आणि कधी लहान, त्याचे मर्म अशा वेळी कळते. मोठा क्यू म्हणजे क्रमांकाने पुढे गेला, लहान क्यू म्हणजे वेळेने पुढे गेला. सातारकडच्या बैलगाडी शर्यतीत 'गट पास', 'सेमी', 'फायनल' असे टप्पे असतात. तिथे आपल्या गटातल्यांना हरवायचे असते. आमच्या पटात घड्याळाला हरवायचे असते. साबळे घड्याळाच्या परीक्षेत उत्तम उतरला आणि गटाच्या परीक्षेत राहिला. तीन वर्षांनी पॅरिसला प्रत्येक गटातल्या पहिल्या पाचांना प्रवेश होता. साबळे पाचवा आला आणि या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. वेळ ८ मिनिटे १५.४३ सेकंद. अंतिम शर्यतीत तो अकरावा आला.

शनिवार म्हणजे रविवार नव्हे

एवढ्या खटपटीने मिळवलेली पहिली जागा तरी कितपत टिकते? २०१२ साली मोनॅकोला सर्वांत वेगवान वेळ शूमाखरची होती, पण आधीच्या शर्यतीतल्या टकरीबद्दल पाच जागा मागे जाण्याचा दंड डोक्यावर होता. पोल मार्क वेबरला मिळाला. २०२१ मध्ये तिथेच शार्ल लक्लेरने आपल्याच गावात पोल मिळवला. शेवटच्या क्षणी गाडी कठड्यावर आदळली होती. रविवारी मांडणीकडे जातानाच तिचा एक दांडा निकामी झाल्याचे कळले आणि गाडी सुटलीच नाही. उलट १९८३ मध्ये अमेरिकेतल्या लाँग बीचला जॉन वॉटसन बाविसाव्या जागेवरून सुटला आणि चक्क जिंकला. इतक्या मागून सुटून फॉर्म्युला वनची अजिंक्यपदाची शर्यत दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही. आणि नोइडात? २०११, २०१२, २०१३ अशा तीनच शर्यती तिथे झाल्या. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल पोलवरून सुटला आणि तिन्ही वेळा जिंकला. म्हणजे पहिली जागा मोलाची खरी, पण ती विजयाची पावती नव्हे.

या साऱ्या शब्दांची उस्तवार मी कशासाठी केली? अकोल्यात शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी रस्ते भरले आहेत. वाशीम-बुलढाण्याची मुले तिथे खोल्या घेऊन राहतात. मागे आमच्या ओळखीच्या एका घरी निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले. मुलगी 'नीट क्वालिफाय' झाली, असे संगणकाच्या पडद्यावर स्पष्ट लिहिले होते. आजोबांनी गावाकडे फोन केले: नात डॉक्टर होणार. पुढे प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या, एक फेरी झाली, दुसरी झाली, तिचे नाव कुठेच आले नाही. मग गावाकडून उलट फोन येऊ लागले. पोर खोटे बोलली काय, नापास झाली काय, पेढे कशाचे वाटले? तिने तीन आठवडे घराबाहेर पाऊल टाकले नाही.

ती खोटे बोलली नव्हती आणि नापासही झाली नव्हती. खुल्या वर्गासाठी पन्नास पर्सेंटाइलची जी रेषा असते, ती तिने ओलांडली होती. ती तिची १०७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे ती पात्र झाली. जागा मात्र क्रमाने मिळतात, आणि पात्र ठरलेल्यांच्या मानाने जागा फार थोड्या. दोन निराळ्या प्रश्नांना मिळालेली ही दोन निराळी उत्तरे होती. एकाच शब्दाने ती एकत्र बांधली गेली आणि गाठ त्या पोरीच्या गळ्याला बसली. आता ती कृषी शाखेत शिकते आहे आणि चांगली शिकते आहे. तिच्या आजोबांना मी नारायण कार्तिकेयनची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मास्तर, पोरगी आत तर गेली होती."

आमच्या व्यवसायातही हेच आहे. प्राध्यापकीसाठी 'नेट' किंवा 'सेट' ही पात्रता परीक्षा. ती उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे किती तरी तरुण मी पाहतो. नातेवाईक विचारतात, "परीक्षा पास झालास ना, मग नोकरी का नाही?" तो मांडणीत उभा आहे, पुढचा दिवा लागत नाही, हे त्यांना कसे सांगावे?

मोटारवाल्यांचे एक मात्र मानले पाहिजे. त्यांनी शब्द जरी एकच ठेवला, तरी नियम वेगवेगळे लिहिले. आत कोण, त्याचा नियम वेगळा. कितवा कोण, त्याचा वेगळा. बरोबरी झाली तर काय, त्याचा वेगळा. आणि हे सारे शनिवार उजाडण्यापूर्वी छापलेले. शंकरपटाचेही तसेच झाले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता पट भरवायचा तर आधी परवानगी, मग बैलांची तपासणी, मग घड्याळ. पहिल्या दोन पायऱ्या पात्रतेच्या, तिसरी क्रमाची. पटातल्या शेतकऱ्याला हा भेद कोणी समजावून द्यावा लागत नाही. बैल तपासणीत उतरला म्हणून तो गुलाल उधळीत नाही, आणि जोडी चौथी आली म्हणून बैलाला नालायक ठरवीत नाही.

म्हणून माझी वर्तमानपत्रांना आणि घरांना एक नम्र सूचना आहे. शनिवारच्या चाचणीला 'क्रमचाचणी' म्हणावे, तिच्या टप्प्यांना 'चाळण्या', आणि 'पात्रता' हा शब्द केवळ उंबरठ्यासाठी राखून ठेवावा. शब्द जड वाटले तर वाचकांनी याहून चांगले सुचवावेत. मी आनंदाने घेईन. पण या दिवाळीनंतर निकालांचे दिवस येतील, तेव्हा मुलगा किंवा मुलगी 'क्वालिफाय झालो' असे सांगत घरी आली, तर पेढ्यांचा पुडा जरूर आणावा. उंबरठा ओलांडणे ही लहान गोष्ट नव्हे. फक्त तो पुडा कशाचा, हे आजोबांना फोन करण्यापूर्वी नीट विचारून घ्यावे.